काकू, दोन जुळ्या आणि एक्केचाळीस तिकिटं

दिनांक ११ ऑगस्ट, सोमवार. रुपये सातशे त्रेचाळीस फक्त. एवढी रक्कम रोख भरून मी आमच्या कंपनीचे तीन जुने प्रिंटर भंगाराच्या भावात विकत घेतले, पावती घेतली, आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्यांना नीट बसवून स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"कोण मंडळी?"

"जावयाकडे निघालीयत," मी म्हटलं.

"राहायला?"

"ते चोवीस तारखेला ठरेल."

हे प्रिंटर हल्लीचे नव्हेत. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद गिळत, शाईच्या रिबनवर बारीक सुयांचा मारा करत, एकेक ओळ ठोकून काढणारे ते जुने प्रिंटर. त्यांतला रुंद होता तो माझ्या हिशेब खात्यात एकोणीस वर्षं होता. त्याला आम्ही 'काकू' म्हणायचो. एकदा सुरू झाला की खोलीत दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नसे, आणि मध्येच थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागे. दुसरे दोन अरुंद, एकाच दिवशी आलेले आणि एकाच आठवड्यात बिघडलेले. त्या जुळ्या.

आता जावयाबद्दल. माझा जावई प्रोग्रामर आहे. दवाखान्यांत डॉक्टरांच्या भेटीची वेळ ठरवून देणारं सॉफ्टवेअर त्याची कंपनी बनवते आणि त्यातला न दिसणारा भाग हा बनवतो. "न दिसणारा म्हणजे कुठला?" असं मी लग्नाच्या वेळी विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबा, जोवर चालतो तोवर न दिसणारा." वय छत्तीस, उंची सहा फूट. केस असे, की आत्ताच कुणीतरी उशीने मारलं असावं. आठवड्यातले तीन दिवस घरून काम. स्वभावाने इतका गरीब, की लिफ्टमध्ये कुणी आधीच दाबलेलं बटण असेल तर दुसऱ्या मजल्यावर जायचं असूनही त्या माणसाबरोबर सातव्यावर जाऊन परत येतो.

मी माणूस कॉमर्सचा. जमा आणि नावे या दोन बाजूंत जग बसतं असं मला शिकवलं गेलं आणि छत्तीस वर्षं ते बसलंही. जावयाला मात्र कुठल्या बाजूला लिहावं ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. त्याच्या घरात तीन खोल्या. एक निजायची, एक बसायची, आणि तिसरी त्याची. या तिसऱ्या खोलीत त्याचे 'साइड प्रोजेक्ट' राहत. नोकरीतला प्रोग्राम लिहून दमला की विश्रांती म्हणून हा माणूस दुसरा प्रोग्राम लिहितो. मी दिवसभर हिशेब लिहून संध्याकाळी गंमत म्हणून शेजाऱ्याचे हिशेब लिहिले नसते. पण त्याच्या धंद्यात ही सर्रास रीत आहे म्हणतात.

प्रोजेक्ट एकूण सव्वीस. मी मोजले आहेत. तहान लागली की फोनवर निरोप पाठवणारी कुंडी होती. तिने एका दिवसात एकशे चाळीस निरोप पाठवले आणि सुकून गेली, कारण सगळे निरोप वाचण्याच्या भरात पाणी घालायचं राहिलं. मोज्यांच्या जोड्या ओळखणारा कॅमेरा होता. त्याला माझे दोन्ही पाय वेगवेगळ्या माणसांचे वाटले. दाराशी कोण आलंय ते बोलून सांगणारी पेटी होती, ती जो येईल त्याला "कुरियर" म्हणे. माझी मुलगी ऑफिसातून आली तरी आतून आवाज, "कुरियर!" प्रत्येक प्रोजेक्टला नाव होतं, चित्र होतं, इंटरनेटवर पैसे भरून घेतलेला पत्ता होता. फक्त एकही पुरं झालेलं नव्हतं. प्रत्येक जण नव्वद टक्क्यांवर येऊन थांबलेला.

"उरलेले दहा टक्के का नाही करत?" मी एकदा विचारलं.

"बाबा, तेच तर बाकीचे नव्वद टक्के असतात."

हे गणित मी कागदावर मांडून पाहिलं. ते सुटत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून खोटंही वाटत नाही.

प्रकरण पेटलं ते दहा ऑगस्टच्या रविवारी, दुपारच्या जेवणावर. मी येत्या एकतीस मार्चला निवृत्त होतो. कंपनीने दिलेली जागा त्याच दिवशी सोडायची. माझी पत्नी जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलीचं म्हणणं, बाबांनी आमच्याकडे राहावं, तिसऱ्या खोलीत. माझं म्हणणं, मी कंपनीच्या जवळपास एखादी भाड्याची खोली बघतो. जावयाची जागा मी घेणार नाही. या वादात जावई नेहमी आपल्या ताटाकडे बघत राही. मुलगी डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांचे चष्म्याचे नंबर काढते. तिचं बघणंच असं आहे, की माणसाला आपण खालची ओळ चुकीची वाचतोय असं वाटायला लागतं. त्या दिवशी तिने ते बघणं नवऱ्याकडे वळवलं.

"सव्वीस वस्तू, सव्वीस अर्धवट. मला एक दाखव. एक. पुरी झालेली."

"कुंडी जवळजवळ..."

"कुंडी वारली."

"अगं, तत्त्वतः..."

"चोवीस तारखेला रविवार आहे. संध्याकाळी पाच वाजता, बाहेरच्या किमान पाच माणसांसमोर, एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवायची. तू एकदाही हात लावायचा नाहीस. 'जरा थांबा, हे असं होतंय कारण' हे वाक्य बोलायचं नाहीस. चालली तर खोली तुझी, मी परत विषय काढणार नाही. नाही चालली तर सोमवारी सकाळी भंगारवाला. सगळं. टेबलासकट."

"टेबल माझ्या आईने दिलंय गं."

"मग वस्तू नीट चालव."

मला वाटलं, आता हा माणूस सव्वीसांपैकी त्यातल्या त्यात तब्येतीने बरं असलेलं एखादं निवडून दोन आठवडे खपेल. कुणीही तेच केलं असतं. जावयाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला, त्याचे डोळे चमकले आणि त्याने मला विचारलं, "बाबा, तुमच्या ऑफिसातले ते करकरणारे प्रिंटर अजून आहेत का हो? मला त्यांच्यावर गाणं वाजवायचंय."

सव्वीस अर्धवट वस्तू आणि चौदा दिवस हाताशी असताना त्याने सत्ताविसावी काढली. मुलीने कपाळावर हात मारला. आणि मी दुसऱ्या दिवशी सातशे त्रेचाळीस रुपये भरले, कारण त्याची खोली माझ्यापायी जात होती आणि रात्री मला ते टोचत होतं. शिवाय माझी सत्तावीस दिवस रजा शिल्लक होती, न वापरली तर बुडीत. त्यातले चौदा मी तिथेच काढले आणि प्रोग्रामरचं आयुष्य जवळून पाहिलं.

सकाळी साडेनऊला कॉम्प्युटरवर त्यांची मीटिंग असते. ती उभ्याने करायची असा नियम आहे, म्हणजे लांबत नाही. जावई वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली अर्धी चड्डी घालून टेबलापुढे उभा राही आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच सांगे. ही पद्धत मला अतिशय आवडली. आमच्या कंपनीत असती तर आमचे जनरल मॅनेजर पहिल्याच दिवशी पाय दुखून गप्प बसले असते. एकदा फक्त घोटाळा झाला. काहीतरी दाखवायला म्हणून त्याने कॅमेरा लांब केला आणि पलीकडे बसलेल्या नऊ माणसांना अर्ध्या चड्डीची पुरी माहिती झाली. त्यांच्या ऑफिसातल्या टेस्टरबाई, म्हणजे याने लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हेच ज्यांचं काम आहे त्या, शांतपणे म्हणाल्या, "नोंद घेतली. खालचा भाग अपूर्ण."

काम अडलं की त्याला दोन गोष्टी लागत. एक म्हणजे तीन रबरी चेंडू. ते एकामागून एक हवेत उडवून झेलायचे हा त्याचा छंद, आणि त्याची आजवरची मजल सलग सहा झेल. सातवा चेंडू फ्रिजखाली. दुसरं म्हणजे मी.

"बाबा, पाच मिनिटं आहेत? तुम्ही काही बोलू नका. फक्त ऐका."

मग तो मला सगळं समजावून सांगे. हा आकडा इथून निघतो, तिथे पोचतो, पण पोचल्यावर तो रिकामा असतो. मला यातलं शष्प कळत नसे. मी हिशेब खात्यातला चेहरा ठेवून मान हलवी. तिसऱ्या मिनिटाला तो मध्येच थांबे, "हात्तिच्या!" म्हणे, आणि पळत सुटे. मी एकही शब्द न बोलता त्या चौदा दिवसांत त्याच्या अकरा चुका सोडवल्या.

आणि प्रिंटर? तो सोहळा तर काय सांगावा. सुया किती वेगाने आपटवायच्या ते बदललं, की आवाज चढतो-उतरतो, हे त्याने पहिल्याच संध्याकाळी मला दाखवलं. जुळ्यांकडे सूर दिले. चाल निवडली ती त्यांच्याच दाराच्या घंटीची, आठ सुरांची, पुढे वाढवत वाढवत चार मिनिटं बारा सेकंदांची केलेली. काकूकडे ठेका. ठेक्यासाठी काकूला खरोखरच्या ओळी छापायला लागत. लांब ओळ म्हणजे लांब ठोका, आखूड ओळ म्हणजे आखूड. गुरुवारी पहिल्यांदा तिघी एकत्र वाजल्या तेव्हा बाहेरच्या खोलीतून मुलगी दार उघडायला गेली. कुणीच नव्हतं. ती परत आली तर पुन्हा घंटी. तिसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन आल्यावर ती आमच्या खोलीच्या चौकटीत उभी राहिली. आम्ही दोघं हसून हसून जमिनीवर बसलो होतो. एकोणीस वर्षं जिच्यापुढे मी डोकं धरून बसलो ती काकू ठेका धरत होती, आणि माझी मान, देवाशपथ सांगतो, हलत होती.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" मुलगी म्हणाली.

"मी रजेवर आहे," मी म्हटलं.

सोळा तारखेच्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई वर आल्या. "माझे पेशंट विचारतात, वर कुणाचं ऑपरेशन चाललंय? माझं मशीन मी बंद केलं तरी आवाज येतो. लोक खुर्चीवरून उठून पळतायत हो." जावई घाबरला, दिलगिरी व्यक्त केली, आणि चोवीस तारखेचं आमंत्रण देऊन मोकळा झाला. बाई गोंधळून "बरं, येते" म्हणाल्या.

रिबनचा मुद्दा इथेच सांगायला हवा. तिन्ही प्रिंटरमधल्या रिबनी वाळून खडखडीत झालेल्या होत्या. काकू ओळीमागून ओळ ठोकत होती, पण कागद कोराच्या कोरा बाहेर येत होता. फार तर कुठे एखादा करडा ओरखडा. मी त्यानंतरच्या बुधवारी सहज विचारलं, "या ओळींत लिहिलंय काय?"

"काही नाही हो बाबा. भरताड. वेगवेगळ्या लांबीच्या ओळी हव्या होत्या, हाताशी एक यादी होती ती घातली. नंतर बदलू."

'नंतर बदलू' हे त्यांच्या धंद्यातलं फार जुनं वाक्य आहे असं मला टेस्टरबाईंनी पुढे सांगितलं. त्यांच्या मते जगातलं निम्मं सॉफ्टवेअर त्या दोन शब्दांवर उभं आहे.

मला ते कोरे कागद बघवत नव्हते. प्रिंटर चालतोय आणि छापत नाही, हे हिशेब खात्यातल्या माणसाला लागतं. म्हणून चोवीस तारखेला, रविवारी सकाळी मी कुणाला न सांगता आमच्या जुन्या स्टेशनरीवाल्याकडे गेलो. त्याने माळ्यावरून, धुळीने भरलेल्या खोक्यातून, काकूच्या मापाची एक नवी, सीलबंद रिबन काढून दिली. एकशे पाच रुपये. "ही विकली जाईल असं मला वाटलं नव्हतं," तो भावुक होऊन म्हणाला. दुपारी जावई आंघोळीला गेला तेवढ्यात मी ती बसवली. एकोणीस वर्षांची सवय, डोळे मिटूनही बसवली असती. कार्यक्रमात काकू काळीकुळकुळीत छापेल, जावयाला सुखद धक्का बसेल, असा माझा हिशेब.

पाच वाजता माणसं जमली. दंतवैद्यबाई, त्यांचे यजमान, टेस्टरबाई, वरच्या मजल्यावरचे शिंपी, आणि माझा तो टॅक्सीवाला, ज्याला मी उगाच बोलावलं आणि जो खरंच आला. "मंडळींचं काय ठरलं ते बघायला आलो," म्हणाला. पाच भरले. मुलीने अटी पुन्हा एकदा मोठ्याने वाचल्यासारख्या सांगितल्या. हात लावायचा नाही. थांबवायचं नाही. कारणं द्यायची नाहीत. जावयाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि या वेळी खालीही पॅण्ट. त्याने एक बटण दाबलं आणि दोन पावलं मागे सरला.

घंटी वाजली. शिंपी उठून दाराकडे गेले. सगळे हसले. जुळ्यांनी सूर धरला, काकूने ठेका. पहिलं अर्धं मिनिट असं सुरेख गेलं, की टॅक्सीवाल्याने मांडीवर ताल धरला.

दंतवैद्यबाई काकूच्या अगदी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि बाहेर येणाऱ्या कागदाकडे वाकून बघितलं.

"अय्या, यावर तर लिहिलेलं येतंय! इंग्रजी अक्षरांत मराठी आहे. 'तिकीट क्रमांक सतरा. बाथरूमचा नळ. कळवणारी: बायको. स्थिती: मी बघतो तेव्हा गळत नाही.'"

जावयाचा चेहरा मी पाहिला. रक्त उतरणं म्हणजे काय ते कळलं.

हाताशी असलेली यादी म्हणजे ही होती. ऑफिसात प्रत्येक कामाला एक क्रमांक देऊन नोंद करतात, त्याला ते तिकीट म्हणतात. या माणसाने सगळ्या घरादाराची, आमची सर्वांची, तशीच तिकिटं करून ठेवली होती, फक्त स्वतःपुरती. आणि ठेक्याला ओळी हव्या म्हणून तीच काकूच्या तोंडी दिली होती. रिबन सुकी होती तोवर काकू नुसतेच ओठ हलवत होती. मी तिला आवाज दिला होता.

"'क्रमांक तेवीस,'" बाई खणखणीत आवाजात वाचत होत्या, "'खालच्या डॉक्टरीणबाईंना आमंत्रण. हेतू: तक्रार करणाऱ्यालाच प्रेक्षक करणे.' ... अहो!"

यजमान इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

जावयाचा हात बटणाकडे गेला. बटण दीड हातावर होतं. दाबलं असतं तर काकू गप्प झाली असती, आणि सोमवारी सकाळी सगळं भंगारात. आईच्या टेबलासकट. मुलगी त्या हाताकडे बघत होती, खालची ओळ वाचायला सांगताना बघते तशी. मग त्याने काय करावं? खिशातून तीन चेंडू काढले आणि उडवायला लागला. हात दुसरीकडे गुंतवण्याचा त्याच्याकडे तेवढा एकच उपाय होता. मी मोजायला लागलो.

"'क्रमांक अठ्ठावीस. बायकोचा वाढदिवस. महत्त्व: सर्वांत जास्त. स्थिती: पूर्ण. दोन दिवस उशिरा.'"

"तीन दिवस!" मुलगी म्हणाली.

"'क्रमांक एकतीस. टेस्टरबाईंना जेवायला बोलावणे. धोका: जेवणातही चुका काढतील.'"

"काढल्या होत्या," टेस्टरबाई म्हणाल्या. "मीठ."

चार झेल, पाच, सहा. सातवा चेंडू फ्रिजखाली जायचा, तो त्याच्या हातात आला. आठ. नऊ. त्याचं लक्ष कागदावर खिळलेलं होतं आणि हात आपोआप चालले होते.

"'क्रमांक चौतीस. बाबा ती साडेतीन रुपयांच्या फरकाची गोष्ट सांगतात. आतापर्यंत सहा वेळा. हा दोष नाही, बाबांचं वैशिष्ट्य आहे. तिकीट बंद.'"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती गोष्ट चांगली आहे. तीन दिवस ताळेबंद जुळत नव्हता आणि फरक निघाला साडेतीन रुपये. असो.

बारा, तेरा. जुळ्या वरच्या सुरांत गेल्या, चाल संपत आली. काकू जोरात धडाडली, लांबच लांब ओळी. बाईंना वाचता वाचता दम लागला, म्हणून कागद त्यांनी माझ्या मुलीच्या हातात दिला. मुलीने सुरुवात केली ती हसत.

"'क्रमांक चाळीस. बायको म्हणते, खोली रिकामी कर, बाबा येणार आहेत. बाबा म्हणतात, मी येत नाही, खोली जावयाची आहे. दोघंही एकमेकांसाठी अडून बसलीयत. मला कुणी विचारलेलं नाही.'"

ती थांबली. काकू थांबली नाही.

"'क्रमांक एक्केचाळीस. बाबा यावेत. खोली मोजली. माझं टेबल भिंतीकडे सरकवलं तर सहा फूट दोन इंच उरतात, पलंग बसतो. खिडकीकडे डोकं की दाराकडे, ते विचारायचं. बाबा नसले तर अडलेलं माझं ऐकून कोण घेणार, दुसरं कुणी गप्प बसत नाही. स्थिती: विचारायचा धीर होत नाही.'"

शेवटचे आठ सूर वाजले. काकूने एक आखूड ओळ ठोकली, कागद वर सरकवला आणि गप्प झाली. चार मिनिटं बारा सेकंद. जावयाचे एकोणीस झेल. विसावा चेंडू सुटला आणि टॅक्सीवाल्याने तो हवेतल्या हवेत पकडला.

टेस्टरबाईंनी घसा साफ केला.

"आमच्यात याला कोंडी म्हणतात. दोन प्रोग्राम एकमेकांची वाट बघत उभे राहतात आणि मशीन गोठतं. एकाला मारावं लागतं."

"मी माझा अर्ज मागे घेतो," मी म्हटलं. "भाड्याच्या खोलीचा."

"बाबा!" मुलगी आणि जावई एकदम.

"डोकं खिडकीकडे," मी म्हटलं. मी चष्मा पुसायला घेतला. प्रिंटरची धूळ फार होती.

मग मुलीने निकाल दिला. वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली. हात लावला गेला नाही. कारणं दिली गेली नाहीत, उलट जी होती ती छापून आली. प्रोजेक्ट पूर्ण. जावयाने आनंदाने आधी तिला, मग मला, आणि मग भरात येऊन शिंप्यांना मिठी मारली. दंतवैद्यबाई म्हणाल्या, पुन्हा एकदा वाजवा, मी सतराच्या आधीचं ऐकलंच नाही. तर पुन्हा वाजवलं. शिंपी पुन्हा दार उघडायला गेले.

आता नोव्हेंबर चालू आहे. पलंग आला, सहा फूट एक इंचाचा, खिडकीकडे. एक इंच जावयाने 'पुढच्या वाढीसाठी' ठेवला आहे. मी शनिवार-रविवार तिथेच असतो, एप्रिलपासून रोज असेन. सव्वीस अर्धवटांपैकी कुंडी पुन्हा सुरू झाली आहे. ती आता दिवसातून एकदाच निरोप पाठवते, तोही मला, आणि पाणी मी घालतो. मला खुर्ची मिळाली आहे, त्याच्या टेबलाच्या डाव्या बाजूला, गप्प बसण्यासाठी. टेस्टरबाईंनी माझी नेमणूक मान्य केली आहे. नळाचं तिकीट अजून उघडं आहे. मी बघतो तेव्हा तो गळतो.

एकाच बाबतीत जावयाचं आणि माझं जमलेलं नाही. त्याच्या मते रिबनचा खर्च मी न विचारता केला, आणि त्यामुळे झालेलं नुकसान त्या रकमेपेक्षा मोठं होतं, म्हणून तो देणं लागत नाही. मी त्याला मूळ पावती दाखवली आहे. त्याने त्याचं तिकीट केलं आहे, क्रमांक बेचाळीस, स्थिती: नंतर बघू.

काकूच्या रिबनचे एकशे पाच रुपये जावयाकडून येणे बाकी आहेत.